सातवा ठराव

कोइवुला, मिनेसोटा
१४ ऑगस्ट १९३८, रविवार

आर्मास,

'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आता एकदम 'प्रिय' कुठून आणू? तू निघालास त्या दिवशी स्टेशनवर बँड वाजत होता, आपल्या फिनिश कामगारांचा अख्खा हॉल लाल निशाणं घेऊन आला होता, आणि मी घरी गाईची धार काढत होते. 'माझ्या बहिणीला माणसांपेक्षा गाई प्याऱ्या,' असं तू सगळ्यांसमोर म्हणालास म्हणे. गाई निदान भाषणं करत नाहीत.

तुझं पत्र पोचलं. एमिल लाक्सोनं टोपीच्या अस्तरात शिवून आणलं. तुझ्याच बोटीनं गेलेला एमिल, पण त्यानं आपला अमेरिकन पासपोर्ट सहा वर्षं बुटाच्या तळव्याखाली दडवला म्हणून तो परत आला, आणि तू नोंदणीसाठी म्हणून देऊन बसलास. तू लहानपणापासून असाच. कुणी हात पुढे केला की खिसा उलटा.

एमिल म्हणाला, 'टपालानं खरं काही लिहू नकोस, सायमा. तिकडे प्रत्येक पत्र फोडतात. आई बरी आहे, बर्फ पडलं, एवढंच लिही.' म्हणून आज एक कार्ड टाकलं: आई बरी आहे, बटाटे चांगले आलेत. खरं ते इथे लिहिते आहे. हॉलच्या सभांची वही माझ्याकडेच असते. अजूनही सचिव मीच, कारण या गावात ओळ सोडून वाकडं न लिहिणारं दुसरं कुणी नाही. पुढून सभांचे ठराव, आणि वही उलटी धरून मागून तुझी पत्रं. आलास की वाच.

आता तुझ्या पत्राबद्दल. पावासाठी पहाटेपासून रांग, ते समजलं. रशियातल्या कारेलियाच्या त्या जंगलात तुमच्या बराकीतून दोन माणसं नेली आणि ती कुठे गेली हे विचारायची कुणाची छाती नाही, तेही समजलं. 'मी जन्मानं तिकडचा आहे. तिकडच्या सरकारातल्या कुणा मोठ्या माणसानं विचारणा केली तर हे मला सोडतील. सायमा, एवढं कर. तुझ्यावाचून कुणाला सांगू?' हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, बसा आता कामगारांच्या राज्यात. दुसऱ्यांदा वाचलं आणि चुलीपाशी बसून रडले.

आईला आता दिवा पेटला की नाही एवढंच दिसतं. तिला पत्रातली एकच ओळ वाचून दाखवली: 'चाळीस जणांच्या करवतींना मी एकटा धार लावतो, बाबांच्याच कानशीनं.' ती म्हणाली, 'कानस सांभाळली पोरानं.' दिवसभर खुशीत होती.

उद्या यालमारी निस्कालाला भेटते. गेली आठ वर्षं दोन्ही जुन्या पक्षांना बाजूला सारून या राज्यावर आपला शेतकरी-मजूर पक्ष बसला आहे. गव्हर्नर आपला, आणि पक्षाचं इथलं सगळं बघणारा यालमारी त्याला नावानं हाक मारतो. गव्हर्नरचं एक पत्र वॉशिंग्टनला गेलं तर तू घरी येशील. एवढंच तर करायचं आहे.

सायमा


४ सप्टेंबर

आर्मास,

यालमारीनं तुझं पत्र हॉलच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. साखरेचा खडा दातात, कॉफी बशीत. दोनदा वाचलं.

'अक्षर ओळखलंस ना?' मी म्हटलं.

'अक्षर ओळखलं. माणूस ओळखू येत नाही.'

'गव्हर्नरला सांग. एक पत्र लिहायचंय फक्त.'

'डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोन महिन्यांवर निवडणूक आलीय. रिपब्लिकन लोक चौकाचौकात बोंबलतायत की आम्ही सगळे मॉस्कोचे नोकर. आणि मी गव्हर्नरला जाऊन सांगू, की साहेब, आमचाच एक माणूस तिकडे जाऊन रडतोय, सोडवा त्याला?'

'गव्हर्नर आपला आहे ना?'

'आपला आहे म्हणूनच सांगता येत नाही, बाई.'

'मग कधी सांगता येईल?'

'निवडणूक होऊ दे.'

'आणि तोवर?'

'तोवर तो करवती घासेल. घासू दे. कामानं माणूस मरत नाही.' पत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, 'हे आधी चुलीत घाल.'

हा तोच यालमारी. स्टेशनवर तुझी ट्रंक यानं खांद्यावर घेतली होती. स्वतः मात्र गेला नाही, 'चळवळीला इथेही माणसं लागतात' म्हणाला. लागतातच. कॉफी कोण पिणार?

पत्र चुलीत घातलं नाही. पिठाच्या डब्यात ठेवलं.

एमिलचे हाल बघवत नाहीत. हॉलवर येतो, बाकावर बसतो, आणि बाक हळूहळू रिकामं होतं. ज्यांनी त्याला हार घालून पाठवलं ते आता त्याला 'पळपुटा' म्हणतात. तो कुणाला काही सांगत नाही, कारण विचारतंच कोण? परवा मला म्हणाला, 'सायमा, मला तिथे इतकं एकटं वाटलं नव्हतं.'

गुरुवारी सहकारी दुकानात एक सूटवाला आला. जिल्ह्याच्या गावचा वकील थर्लो, रिपब्लिकनांचं इकडचं सगळं तोच बघतो. त्यानं लोकरीचे हातमोजे घेतले, सप्टेंबरात. मी मोजे बांधून देत होते तेव्हा हळूच म्हणाला, 'मिस हौताला, तुमच्याकडे एक पत्र आलंय असं कानावर आलं.'

'माझ्याकडे पुष्कळ पत्रं येतात.'

'हे टोपीतून आलंय.'

मी सुटे पैसे मोजत राहिले. 'पुन्हा येईन,' म्हणाला आणि मानानं डोक्यावरची टोपी जराशी उचलून गेला. आपल्या लोकांनी माझ्यासमोर कधी टोपी उचललेली आठवत नाही.

सायमा


२५ सप्टेंबर

आर्मास,

थर्लो पुन्हा आला. दोनदा. बोलतो गोड. 'आमचा उमेदवार तरुण आहे, वॉशिंग्टनमध्ये त्याला मान आहे. निवडून आला की आठ दिवसांत तुमच्या भावासाठी पत्र जाईल. माझा शब्द. आणि तुमच्या पत्रातलं एकही नाव छापणार नाही. तुम्हीच कात्री घ्या, हवं ते कापा, मग द्या.'

'आणि तुमचा माणूस पडला तर?'

'तर तुमचे मिस्टर निस्काला आहेतच की,' म्हणाला आणि हसला. त्याला सगळं ठाऊक होतं.

विचार करते म्हटलं. मी काही दिलेलं नाही. तुला वाटेल सायमा सूड उगवते आहे. तसं नाही. बाबा लाकडाच्या ओंडक्याखाली गेले तेव्हा शवपेटी या हॉलनं दिली, हे मी विसरलेले नाही. पण हॉलनं पेटी दिली आणि बाबा गेलेच ना. मला या वेळी पेटी नको आहे.

काल शनिवारी साउनात आईची पाठ घासत होते. तिला वाफ सोसत नाही आता, खालच्याच फळीवर बसते. डोळे मिटून म्हणाली, 'आर्मासची पाठ कोण घासत असेल गं तिकडे?' मी गरम धोंड्यांवर पाणी ओतलं, म्हणजे मला उत्तर द्यायला नको.

आज दुसरं कार्ड टाकलं. आई बरी आहे, लाल गाय व्याली.

सायमा


१६ ऑक्टोबर

आर्मास,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. 'मी काही दिलेलं नाही' लिहिलं तेव्हा तुझं पत्र थर्लोच्या खिशात जाऊन एक दिवस झाला होता.

मी नीट कापलं रे. शिवणाची कात्री घेऊन तासभर बसले. तुझं नाव कापलं, माझं कापलं, 'आई' जिथे जिथे होतं तिथे कापलं, तुझ्या बराकीच्या गावाचं नाव कापलं. पत्राची जाळी झाली. थर्लो म्हणाला, 'तुम्ही वकील व्हायला हव्या होतात.'

मंगळवारी पत्रक निघालं. इंग्रजीतही आणि फिनिशमध्येही. वर मोठ्या अक्षरांत: तुमचा गव्हर्नर तुम्हाला इथे नेतो आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक दाराच्या पायरीवर एक. आपल्याही. मी ते वाचायला लागले आणि मधेच एका ओळीपाशी अडले. 'चाळीस जणांच्या करवतींना मी एकटा धार लावतो, बाबांच्याच कानशीनं.'

हे मी कापलं नव्हतं. नजरेतून सुटलं नव्हतं, मला ते आवडलं होतं. सगळ्या पत्रात तेवढंच एक वाक्य तुझ्या जुन्या आवाजात होतं. वाटलं, लोकांनी तुझी रांग वाचावी, भीती वाचावी, तसं तुझं हेही वाचावं, की माझा भाऊ तिथे कामाचा माणूस आहे. हौताला घराणं करवतीवाल्यांचं, आणि बापाची कानस घेऊन गेलेला एकच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. थर्लोला ते कळायचं कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

दुपारपर्यंत दुकानात तिघी आल्या. 'आर्मासच ना गं हा?' चोंबडेपणानं नव्हे, चांगल्या रागानं. यालमारीची बायको म्हणाली, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!' ती तुला म्हणाली. मी पीठ तोलत होते.

'हे पत्र त्यांना मिळालं कुठून पण?' एकीनं विचारलं.

'एमिल. दुसरा कोण आणणार?'

मी पिठाच्या पिशवीचं तोंड बांधलं. रात्रीतून कुणीतरी एमिलची रचलेली लाकडं सगळी रस्त्यावर लोटून दिली. सकाळी तो एकटा उचलत होता. मी त्याच रस्त्यानं दुकानात गेले, आणि त्यानं मला 'सुप्रभात' म्हटलं. तो जाणतो. त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

सायमा


२४ ऑक्टोबर

आर्मास,

काल हॉलची सभा झाली. तुला आपला हॉल ठाऊक आहे. कॉफीची किटली गळली तरी ठराव, नाटकात मिशी कुणी लावायची यावर ठराव. काल सातवा ठराव तुझ्यावर झाला.

यालमारी उभा राहिला. 'आपल्या हॉलचं नाव साफ करायला हवं. इथेही आणि तिकडेही. मी मांडतो: आर्मास हौताला यानं कामगारांच्या देशाची बदनामी करणारं पत्र लिहिलं, ते शत्रूच्या हाती पडलं. या हॉलचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. ठरावाची प्रत तिकडे, त्याच्या छावणीच्या कमिटीला पाठवावी.'

एमिल उठला. सगळ्या सभेत तो पहिल्यांदा बोलला. 'नाव लिहून पाठवताय? अरे, तुम्हाला कळतंय का काय करताय? तिथे माणूस न्यायला कागद लागतो, आणि तो कागद तुम्ही घरून देताय.'

'खाली बस,' यालमारी म्हणाला. 'कमिटी त्याला बोलावेल, चार शब्द सुनावेल, माफी मागायला लावेल. आपण नाही का सुनावत? गेल्या वर्षी लाउरी हॉलची दारू प्यायला तेव्हा काय केलं आपण? सुनावलं. आज तोच लाउरी बँडमध्ये आहे.'

आणि लोकांनी माना डोलावल्या. मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच असं वाटत होतं. सगळ्या जगात कमिटी म्हणजे आपला हॉल, सहा बाकं आणि एक शेगडी. ओरडा होतो, मग वेलदोड्याचा पाव वाढतात. तुझं वाईट व्हावं असं तिथे कुणाच्याच मनात नव्हतं. चाळिसावर हात वर झाले.

ठराव लिहिला गेला. आज टपालात पडला. आई सर्दीनं घरी होती, तिला यातलं काही माहीत नाही, आणि कुणी सांगणारही नाही.

आज आणखी लिहवत नाही.

सायमा


९ नोव्हेंबर

आर्मास,

हरलो. नुसते हरलो नाही, झोपलो. आमच्या शाळेतल्या मतदानाच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी दर चार मतांतली तीन आपली होती. या वेळी निम्मीही नाहीत, आणि हे फिनिश गाव! राज्यभर तेच. रिपब्लिकनांचा तो तरुण उमेदवार गव्हर्नर झाला. यालमारी भिंतीला टेकून बसला होता, म्हणाला, 'एका पत्रानं घात केला.' मी त्याला कॉफी दिली. त्यानं घेतली.

पण हे त्याचं खोटं समाधान आहे. एका कागदानं एवढा पक्ष पडत नाही. रस्त्याच्या कामावर कुणाला घ्यायचं हे यालमारीच्या स्वयंपाकघरात ठरत होतं, ते काय लोकांना दिसत नव्हतं? आतून पोखरलेलं होतं म्हणून एका धक्क्यात गेलं. मी तो धक्का दिला, एवढंच माझं.

आता हसू नकोस. मतदानाच्या आडोशात गेले, पेन्सिल हातात घेतली, थर्लोच्या माणसाच्या नावावर टेकवलीसुद्धा. आणि खूण केली ती आपल्याच गव्हर्नरसमोर. हातच तिकडे गेला. बाबांचा पक्ष, तुझा पक्ष. ज्याला पाडायला तुझं पत्र विकलं त्यालाच मत देऊन आले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

पण थर्लोचा माणूस निवडून आला. आता आठ दिवस. गेल्या रविवारी तिसरं कार्ड टाकलंय: आई बरी आहे, तळं गोठायला लागलं. घरी आलास तर मी तुझ्याशी भांडणार नाही, हे ठरवलं आहे. पहिले दोन दिवस तरी.

सायमा


१८ डिसेंबर

आर्मास,

आठाचे चाळीस दिवस होत आले तेव्हा मी स्वतःच बसनं जिल्ह्याच्या गावी गेले. थर्लोच्या कचेरीत माणसं दाटीनं बसलेली, सगळे हसरे. माझी पाळी दुपारी आली.

'हां, हां, मिस... कोइवुलाच्या ना तुम्ही?'

'हौताला. माझा भाऊ आर्मास.'

'आर्मास,' त्यानं नाव चाखून पाहिल्यासारखं म्हटलं. 'कोण बरं?'

मी सांगितलं. पत्र, कात्री, आठ दिवस. त्याचा चेहरा हळूहळू उजळला, लाजेनं नव्हे, आठवलं म्हणून. 'हो तर! फार छान पत्र होतं ते. बघा, नव्या गव्हर्नरांनी अजून शपथसुद्धा घेतली नाही. शिवाय हा विषय वॉशिंग्टनचा, राज्याच्या हातात काय असतं? तुम्ही रीतसर अर्ज करा. जन्माचा दाखला जोडा.'

'तुम्ही शब्द दिला होता.'

'प्रयत्नांचा दिला होता,' म्हणाला. मग आवाज उतरवून, 'आणि ते पत्र तुम्ही दिलंत हे कुठे बोलू नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.'

गरज सरो, वैद्य मरो. उरलेली पत्रकं त्यानं घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली होती. टेबल अजिबात हलत नव्हतं.

अर्ज लिहिला. तिथल्याच बाकावर, सुवाच्य अक्षरात. अर्ज लिहिण्यात माझा हात कोण धरणार आहे?

मी यालमारीचा राग केला, की त्यानं निवडणुकीसाठी तुला थांबवलं. मग मी तुला निवडणुकीसाठी पणाला लावलं. आमच्यात फरक एवढाच की मी कुणीतरी टोपी उचलली म्हणून भुलले.

सायमा


२९ जानेवारी १९३९

आर्मास,

तिसरं कार्ड परत आलं. वीस तारखेला. कार्डावर चार शिक्के, रशियन अक्षरांतले, आणि एक जांभळा, 'पाठवणाऱ्याकडे परत'. आईच्या हातात मीच दिलं. तिनं बोटांनी चाचपलं आणि विचारलं, 'त्याचं आलं?' मी 'हो' म्हटलं. ती ते उशाशी घेऊन झोपली.

ऑगस्टचं कार्ड परत आलं नाही. सप्टेंबरचं आलं नाही. म्हणजे ती घ्यायला तिथे कुणीतरी होतं. नोव्हेंबरचं परत आलं. आणि मधे, चोवीस ऑक्टोबरला, इथून एक पाकीट गेलं होतं. यालमारी म्हणतो, छावणी हलवली असेल. एमिलला विचारलं, तो माझी लाकडं फोडायला लागला.

तेव्हा लिहिलं ना, 'ठराव लिहिला गेला'? तो आपला आपण लिहिला जात नाही. सभेचा सचिव लिहितो. यालमारी सांगत होता आणि मी उतरवून घेत होते, जांभळ्या शाईनं. छावणीचं नाव त्याला नीट येईना, ते मी सांगितलं. तुझ्याच पत्रावरून पाठ होतं. नाही म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे वळून बघते, आणि पत्र कुणी दिलं ते तिथल्या तिथे कळतं. मी घाबरले. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नकोस. दोन प्रती केल्या, पाकिटावर पत्ता घातला, तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं. एमिल ओरडत होता आणि मी लिहीत होते. तू अक्षर ओळखलं असशील, जर त्यांनी तुला दाखवलं असेल. यापुढे रोज माझ्या मनात तेच येणार आहे, की त्यांनी कागद तुझ्यापुढे धरला आणि तू अक्षर ओळखलंस.

गेल्या रविवारी हॉलची वार्षिक सभा. रीत तुला माहीत आहे: सचिवानं उभं राहून वर्षाचे सगळे ठराव वाचायचे, नावांसकट, आणि प्रत्येकावर लोकांनी 'मंजूर' म्हणायचं. आई दर वर्षीसारखी शेगडीजवळ पहिल्या बाकावर. यालमारी माझ्या कानाशी आला. 'सातवा गाळ. म्हातारी बसलीय.'

'वहीत आहे. वहीतलं वाचावं लागतं.'

वाचलं. किटलीचा, नाटकाचा, बँडचा. मग सातवा. तुझं नाव आलं तेव्हा आईनं मान वर केली, जसं कुणी दारातून आल्यावर करते. मी शेवटपर्यंत वाचलं, छावणीच्या नावासकट. या वेळी 'मंजूर' म्हणायला कुणाचं तोंड उघडेना.

वही खाली न ठेवता मी म्हटलं, 'ते पत्र एमिलनं दिलं नाही. मी दिलं. थर्लोला. आणि ठराव लिहिला तोही मीच.'

मग यालमारी म्हणाला, 'हे आजच्या कामकाजात नाही.' त्याच्या बायकोनं मला सचिवपदावरून आणि हॉलमधून काढावं असं मांडलं. हात वर झाले. एमिलचा तेवढा झाला नाही. मग सगळे थांबले, कारण ठराव लिहून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. यालमारी छताकडे बघत होता. मीच बसले आणि लिहिला. सायमा हौताला हिला काढण्यात येत आहे. ओळ कुठेही वाकडी गेली नाही.

घरी येताना आई माझ्या हाताला धरून चालली नाही. कुंपण चाचपत चालली, बर्फातून. दारात थांबून एवढंच विचारलं, 'तुझ्या हातानं?'

'हो.'

आत गेली. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोलतो आहोत. काल शनिवार, मी साउना तापवली, तिला धरून आत नेली, पाठ घासायची डहाळ्यांची जुडी भिजवली. तिनं हात मागे करून माझ्या हातातून ती घेतली. 'माझी मी घासेन,' म्हणाली. तिचा हात पाठीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. मी फळीवर शेजारी बसून राहिले.

मला तुझी आठवण येते, आर्मास. हे सहा वर्षांपूर्वी स्टेशनवर येऊन म्हणायला हवं होतं. गाई थांबल्या असत्या.

उद्या वही यालमारीच्या ताब्यात द्यायची आहे. ही पानं फाडून घ्यावी असं वाटलं होतं, कात्रीही काढली. पण कापायचं मला कुठे जमतं? राहू दे तशीच. वही हॉलच्या कपाटात असेल, खालच्या फळीवर, नाटकातल्या मिशांच्या डब्याजवळ. घरी आलास आणि मी नसले तर तिथे बघ. पुढून उघडू नकोस. मागून वाच.

सायमा